उठला, पण सुटला नाही : पोकरचं टेबल सोडायचं कधी?

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेली दोन-चार वाक्यं सरळ केली आहेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग पत्त्यांचा आहे, पण पत्ते कसे खेळायचे याचा नाही. कसं उठायचं, याचा आहे.

एक गोष्ट सांगतात. साल १९४९, गाव लास व्हेगास. निक डँडोलॉस नावाचा एक जुगारी होता. मूळचा क्रीट बेटावरचा, म्हणून सगळे त्याला ‘निक द ग्रीक’ म्हणायचे. तो बेनी बिनियन या कॅसिनोवाल्याकडे येतो आणि म्हणतो, मला एकाच माणसाशी, समोरासमोर, कितीही मोठा खेळ चालेल. बिनियन टेक्सासमधून आपला जुना दोस्त जॉनी मॉस याला बोलावून घेतो. दोघं बसतात. पाच महिने खेळ चालतो. झोपेपुरतं थांबायचं, परत बसायचं. भोवती बघ्यांची गर्दी. आणि एका रात्री निक शांतपणे पत्ते खाली ठेवतो, हसतो, मॉसला अदबीनं सांगतो की मॉससाहेब, आता मला तुम्हाला मोकळं करायला हवं. आणि वर जाऊन झोपतो. किती हरला होता? कुणी म्हणतं वीस लाख डॉलर, कुणी चाळीस.

आता, आपल्या या पॉडकास्टची सवय म्हणून सांगतो : या गोष्टीत भोक आहे. ती जिथे घडली म्हणतात ते बिनियनचं ‘हॉर्सशू’ कॅसिनो सुरूच झालं १९५१ मध्ये. म्हणजे साल तरी चुकलंय, नाहीतर जागा तरी. आणि पुढे बिनियननंच १९७० मध्ये ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ सुरू केली, तेव्हा ही दंतकथा पसरण्यात त्याचा फायदाच होता. मॉस त्या स्पर्धेचा पहिला विजेता. सगळं कसं छान जुळतं.

पण मला त्या निरोपाच्या वाक्याची गंमत वाटते. खिसा रिकामा झालेला माणूस जिंकलेल्याला म्हणतो, जा, तुला सोडलं. ऐकायला राजेशाही. पण निक कधी उठला? हरायला काही उरलं नाही तेव्हा. याला निर्णय म्हणायचं का?

इथे ज्यांना पोकर माहीत नाही त्यांच्यासाठी एक मिनिट. पोकर दोन तऱ्हेनं खेळतात. एक स्पर्धा, म्हणजे टूर्नामेंट. त्यात चिप्स संपल्या की तुम्ही बाहेर, आणि शेवटचा उरतो तो विजेता. कधी थांबायचं ते नियमच ठरवतात. दुसरा कॅश गेम. समोरची चिप म्हणजे खरा पैसा, आणि कुठलाही हात संपला की चिप्स उचलून घरी जाता येतं. क्रिकेटला ओव्हर असतात, कबड्डीला वेळ असते, कॅरममध्ये सोंगट्या संपतात. कॅश गेमला शेवट नाही. दार कायम उघडं. आणि म्हणूनच उठणं इतकं अवघड. गणपतीत कोकणात आमच्या घरी जागरणाला रमी चालते, चार आण्यांच्या हिशेबानं. त्यातही कुणी जिंकून उठायला लागलं की आत्या म्हणणारच, “एवढ्यात कुठे रे निघालास?” आणि हरणाऱ्याला कुणी उठ म्हणत नाही, कारण तो आपणहून पत्ते पिसायला घेतो.

तर आता खरी, नोंदी असलेली, आणि निक-मॉसपेक्षा फार मोठी गोष्ट.

अँडी बील. टेक्सासमधल्या डॅलसचा बँकर. १९८८ मध्ये त्यानं ‘बील बँक’ काढली. धंदा काय, तर बाकीच्या बँकांना नकोशी झालेली कर्जं स्वस्तात घ्यायची आणि वसूल करायची. अब्जाधीश माणूस, आणि शिवाय गणिताचा नाद. कॉलेजची पदवी नाही, तरी संख्या सिद्धांतातलं एक अनुमान त्याच्या नावावर आहे, ‘बील कंजेक्चर’. ते सिद्ध करणाऱ्याला किंवा खोडणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे. अजून कुणाला मिळालेलं नाही. (ऐकणाऱ्यांत कुणी एम.एस्सी. गणितवाले असतील तर बघा बुवा.)

हा माणूस २००१ मध्ये व्हेगासच्या ‘बेलाजिओ’त आला आणि जगातल्या सगळ्यात तगड्या पोकर खेळाडूंना म्हणाला, माझ्याशी एकेकट्यानं खेळा. त्याचं गणित सरळ होतं. हे लोक माझ्यापेक्षा चांगले खेळतात, मान्य. पण खेळ इतका मोठा करायचा की त्यांचे हात कापले पाहिजेत. मला दहा लाख गेले तर झोप लागते, त्यांना लागणार नाही.

डाव खरंच चांगला होता. त्या खेळाडूंपैकी एकट्याला हे झेपणारं नव्हतं. म्हणून त्यांनी वर्गणी काढली. डॉइल ब्रन्सन, चिप रीझ, जेनिफर हार्मन, टेड फॉरेस्ट, हॉवर्ड लेडरर, डॉइलचा मुलगा टॉड, असे बरेच जण. सगळ्यांनी पैसे एकत्र टाकले, टेबलावर एकानं बसायचं, नफा-तोटा वाटून घ्यायचा. या मंडळाला नाव पडलं ‘कॉर्पोरेशन’. पुढची पाच वर्षं, अधूनमधून, बील विरुद्ध कॉर्पोरेशन हा खेळ चालला.

मे २००४ मध्ये बीलनं एका दिवसात १ कोटी १७ लाख डॉलर जिंकले. एका दिवसात! आणि मग तो तिथेच थांबला नाही, पुढे ते सगळं परत गेलं. पण मला त्याहून जास्त छळतो तो फेब्रुवारी २००६. तो महिना मी एकदा कागदावर मांडून बसलो होतो, एखादा बग शोधावा तसा.

जागा आता ‘विन’ कॅसिनो. खेळ ‘लिमिट होल्डम’, ५० हजार आणि १ लाख डॉलरचा. म्हणजे मनाला येईल तो आकडा लावता येत नाही. पत्त्याच्या चार फेऱ्यांपैकी पहिल्या दोनांत ५०-५० हजारांनी वाढवायचं, शेवटच्या दोनांत लाखा-लाखानं.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बील ३३ लाख हरला आणि डॅलसला गेला. १२ तारखेला परत आला, १५ पर्यंत खेळला, आणि १ कोटी ३६ लाख जिंकून घरी गेला. लक्षात घ्या, घरी गेला. विमान, घर, स्वतःची गादी. टेबलाच्या हवेत अडकलेला वगैरे नव्हता. आठवडाभरानं तिसऱ्यांदा आला. या वेळी कॉर्पोरेशननं समोरचा माणूस बदलला होता : फिल आयव्ही. तीन दिवसांत बील १ कोटी ६६ लाख हरला.

बेरीज करा. उणे ३३, अधिक १३६, उणे १६६. महिन्याचा हिशेब उणे ६३ लाख.

ही गोष्ट सांगितली की शंभरातले नव्वद जण एकच म्हणतात : “१ कोटी ३६ लाख जिंकल्यावर उठायला हवं होतं ना!” मीसुद्धा आधी तेच म्हणायचो. पण अरे, तो उठलाच होता! आपण सगळे ज्याला शहाणपण म्हणतो ते त्यानं अगदी पुस्तकी पद्धतीनं केलं. जिंकत असताना उठला, घरी गेला. फक्त परत आला.

आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. सभापर्वात पहिलं द्यूत होतं, युधिष्ठिर सगळं हरतो, आणि मग धृतराष्ट्र सगळं परत करतो. राज्य, माणसं, सगळं. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागतात. आणि वाटेतून परत बोलावणं येतं, तो परत जातो. त्याला अनुद्यूत म्हणतात. वनवास त्या दुसऱ्या डावातला आहे. उठला, पण सुटला नाही.

पोकरवाल्यांत एक जुना विचार आहे, डेव्हिड स्क्लान्स्कीसारख्यांनी तो पुस्तकांतून मांडलाय. तुमचे रोजचे खेळ वेगवेगळे नसतातच. आयुष्यभर एकच लांबलचक खेळ चाललेला असतो, मधे तुम्ही झोपायला जाता इतकंच. असं बघितलं की “आज मी पुढे आहे” याला अर्थच राहत नाही. पत्त्यांना माहीत नसतं की तुम्ही पुढे आहात. पुढचा हात तुम्हाला फायद्याचा की तोट्याचा, हे मागच्या हातांवर ठरत नाही. ते ठरतं समोर कोण बसलंय आणि तुमचं डोकं किती ताजं आहे यावर. उठायची कारणं खरं म्हणजे तेवढीच. टेबल वाईट आहे. किंवा मी आज वाईट आहे. किंवा इतका पैसा लागलाय की माझा हात थरथरतोय.

आणि बीलचं ते १ कोटी ३६ लाख? आकडा डोळे दिपवतो म्हणून मी तो छोटा करून बघितला. एक लाखाच्या बेटनं भागा : १३६ बेट. म्हणजे तुम्ही-आम्ही ५०-१०० रुपयांचा तोच खेळ खेळलो असतो तर चार दिवसांत १३,६०० रुपये. दोघांच्या लिमिट खेळात दोन-तीन हजार हातांत शंभरेक बेट नुसत्या पत्त्यांच्या कृपेनं वर-खाली होतात. म्हणजे त्या जिंकण्यातून “मी यांना हरवू शकतो” असं काही सिद्ध होत नव्हतं. आणि तुलनेनं बीलला हे माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं! या माणसानं संगणकावर लाखो हातांची गणितं करून घेतली होती. चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून काळा चष्मा आणि हेडफोन लावून बसायचा.

आता कॉर्पोरेशनकडे बघा. लोक म्हणतात, ते जिंकले कारण चांगले खेळाडू होते. बरोबरच. पण मला त्यांच्या व्यवस्थेतली एक गोष्ट जास्त मोठी वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. उठायचा निर्णय खुर्चीवरच्या माणसाच्या एकट्याच्या हातात नव्हता. पैसे सगळ्यांचे. त्यामुळे थकलेला, चिडलेला, पाठोपाठ हात गेलेला माणूस “अजून अर्धा तास” म्हणू लागला तर मागे बाकीचे होते. उद्या दुसरा बसेल. चार जणांच्या मागे पाचवा, पाचव्याच्या मागे आयव्ही. ऑन-कॉल ड्युटी केलेल्यांना हे लगेच कळेल. रात्री तीन वाजता सर्व्हर पडला की जो सहा तास झगडतोय त्याला स्वतःला कधीच वाटत नाही की आता दुसऱ्याला उठवावं. त्याला वाटतं, सापडलंच आता. म्हणून चांगल्या टीममध्ये तो निर्णय तिसराच कुणीतरी घेतो.

बीलकडे तो तिसरा माणूस नव्हता. बील थकला तर बीलच बसायचा.

इथपर्यंत ऐकून वाटेल की हा श्रीमंत पण हट्टी माणूस, कुठे थांबावं कळत नसेल. थांबा. त्याच वर्षांतली त्याची दुसरी गोष्ट ऐका.

२००४ ते २००७. अमेरिकेत कर्जांचा पूर आलेला. घराला कर्ज, कर्जावर कर्ज, ज्याला पगार नाही त्यालाही कर्ज. सगळ्या बँका फुगत होत्या. त्या काळात बील बँकेनं कर्जं देणं, विकत घेणं जवळजवळ थांबवलं. बीलचं म्हणणं, या भावात अर्थ नाही, लोक कर्ज बुडणारच नाही असं धरून चाललेत. बँकेची मालमत्ता सुमारे ७.७ अब्ज डॉलरवरून तीन अब्जांच्या खाली आली. मुद्दाम. विचार करा, तुमची बँक आहे, शेजारचा दरवर्षी दुप्पट होतोय, आणि तुम्ही वर्षानुवर्षं हात बांधून बसलाय. लोक वेड्यात काढत असतील. मग २००८ आलं, बँका कोसळल्या, आणि बील रोख पैसे घेऊन बाजारात उतरला, इतरांची कर्जं पडेल भावात उचलली. २००९ मध्ये फोर्ब्सनं त्याच्यावर मोठा लेख केला तोवर त्याची मालमत्ता परत सात अब्जांवर गेली होती.

म्हणजे बघा. २००६ च्या फेब्रुवारीत एकच माणूस दोन टेबलांवर होता. एका टेबलावरून तो जिंकत असतानाच उठला होता, तेही फक्त खेळ वाईट झालाय या एका कारणानं. शेजारी काय म्हणतात, मागच्या वर्षी किती मिळाले, कशाकडे बघितलं नाही. आणि दुसऱ्या टेबलावर, जिथे समोर जगातले सर्वोत्तम लोक होते, म्हणजे ज्याच्याहून वाईट टेबल पृथ्वीवर मिळणार नाही, तिथे तो विमान करून परत परत येत होता.

का? मला वाटतं, बँकेत त्याला पैसे हवे होते. पोकरमध्ये उत्तर हवं होतं. मी यांना हरवू शकतो का? अशा प्रश्नाला कुठला आकडा पुरत नाही. हरलात तर वाटतं अजून सिद्ध व्हायचंय, जिंकलात तर वाटतं आता सिद्ध होतंय. त्याला परवडत होतं, हेही मान्य करू. ६३ लाख डॉलर गेले म्हणून त्याच्या घरी चूल बंद पडली नाही. मला त्याची कीव येत नाही. खरं सांगायचं तर थोडा हेवाच वाटतो.

परवडत नाही त्यांचं काय, ते सांगतो. माझा एक मित्र आहे. नाव नको. आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहायचो, पुण्यात, दोघंही कोड लिहून पोट भरणारे. शनिवारी रात्री पाच-सहा जण घरीच खेळायचो, फार तर हजार-दोन हजारांचा मामला. मग तो फोनवर खेळायला लागला. फोनवर कुणी जांभई देत नाही, कुणी चहा करायला उठत नाही, वॉचमन येऊन आवाज कमी करा म्हणत नाही. वर्षभरानं एका रविवारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “अरे, मी तर नेहमी जिंकून उठतो. मग पैसे जातात कुठे?”

आम्ही त्याची सगळी हिस्ट्री डाउनलोड केली, शीटमध्ये टाकली. तो खोटं बोलत नव्हता. जिंकलेले दिवस जास्त होते. पण जिंकलेला खेळ साधारण चाळीस मिनिटांचा, पाचशे-सातशे रुपये आले की ॲप बंद. आणि हरलेला खेळ चार तासांचा, पाच तासांचा. एक तर रात्री अकरा ते सकाळी सव्वासहा. खाली बेरीज आली ती १ लाख ८४ हजार. उणे. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मग म्हणाला, “घरी नको सांगूस.” त्याच्या बहिणीचं लग्न होतं त्या मे महिन्यात.

नंतर वाचताना कळलं की हे त्याचं एकट्याचं दुखणं नाही. न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांवर १९९७ मध्ये एक गाजलेला अभ्यास आला होता. पावसापाण्याच्या, गिऱ्हाइकांच्या दिवशी ते लवकर घरी जायचे, कारण दिवसाचा आकडा भरलेला. आणि रिकाम्या दिवशी रात्री उशिरापर्यंत गाडी फिरवत राहायचे. म्हणजे धंदा चांगला तेव्हा कमी काम, मंदा तेव्हा जास्त. पुढे त्यावर अर्थशास्त्रज्ञांत बराच वाद झाला, ते असो. २००९ मध्ये ऑनलाइन पोकरच्या खेळाडूंवरही एक अभ्यास आला : मोठी हार झाली की लोक सावध होत नाहीत, उलट सैल खेळायला लागतात. माझ्या मित्राच्या शीटमध्ये दोन्ही होतं. तो चांगलं डोकं असलेली चाळीस मिनिटं खेळायचा, आणि बिघडलेलं डोकं घेऊन पाच तास.

“जिंकून उठावं” हा सल्ला म्हणूनच मला धोक्याचा वाटतो. त्यानं उठायची सवय लागते ती चुकीच्या रात्री.

बीलचं पुढे काय झालं? २०१५ च्या सुरुवातीला बातमी आली की तो व्हेगासला परत येऊन गेला. समोर टॉड ब्रन्सन. पन्नास लाख डॉलर हरला. गंमत म्हणजे त्याच जानेवारीत कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या लोकांनी ‘सायन्स’मध्ये जाहीर केलं की दोघांचा लिमिट होल्डम, म्हणजे अगदी बीलचाच खेळ, त्यांच्या ‘सिफियस’ या प्रोग्रामनं व्यवहारात सोडवलाय. जन्मभर खेळलात तरी त्याला हरवलं असं खात्रीनं म्हणता येणार नाही. त्या प्रोग्रामला उठायचा प्रश्नच नाही म्हणा. तो थकत नाही.

आणि माझा मित्र. कर्ज काढून त्यानं ते खड्डे बुजवले, बहिणीचं लग्न नीट झालं, घरी अजून माहीत नाही. ॲप मात्र तो अधूनमधून उघडायचाच. मग ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेत झाला आणि ॲपनं टेबलं बंद केली. मी विचारलं, सुटलास का रे? तर म्हणाला, “सुटलो कुठला, उठवलंय मला.”

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. ऑफिसची पोरं गोव्याला निघालीयेत, एक रात्र मांडवीतल्या कॅसिनोवर जायचा बेत आहे. मला म्हणाला, तूही चल. तू खेळू नकोस. फक्त बारा वाजले की मला उठव, मी काहीही बोललो तरी.

मी अजून हो म्हटलेलं नाही.